खारवलेली बेगमी आणि रक्तदाब

उच्च रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची खरी अडचण आहे. बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही आणि अनेकदा पहिली सूचना मिळते ती पक्षाघाताने किंवा हृदयविकाराच्या झटक्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील उच्च रक्तदाबाच्या दर पाच रुग्णांपैकी चौघांना पुरेसे उपचार मिळत नाहीत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील ३५.५ टक्के प्रौढांना हा विकार असल्याचे आढळले. स्वच्छ हवा आणि ताजी मासळी लाभलेला रत्नागिरीसारखा किनारी जिल्हा यातून सुटला असेल, असे गृहीत धरता येत नाही. उलट येथील काही जुन्या सवयी रक्तदाबाच्या दृष्टीने तपासून पाहण्याजोग्या आहेत.

रक्तदाब ठरतो कसा?

हृदय प्रत्येक ठोक्याला धमन्यांत रक्त ढकलते. त्या वेळी धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब हा वरचा आकडा आणि दोन ठोक्यांमधील दाब हा खालचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही हे आकडे सातत्याने १४०/९० किंवा त्याहून अधिक आले, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. हा दाब मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो: हृदय किती रक्त पुढे ढकलते आणि वाहिन्या किती आवळलेल्या आहेत.

वाहिन्या आवळल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण कोकणातच मिळते. लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचा लोट उसळतो, लहान धमन्या आवळतात, रक्तदाब एकाएकी चढतो आणि हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांना प्राझोसिन हे वाहिन्या सैल करणारे, मुळात रक्तदाबावरचे औषध दिले. त्यांचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. विंचूदंशात हृदयावर जो भार काही तासांत पडतो, तो उच्च रक्तदाबात निराळ्या कारणांनी आणि अत्यंत संथपणे पडत राहतो. म्हणूनच तो ध्यानात येत नाही.

मीठ आणि पावसाळ्याची तरतूद

जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मिरकरवाडा बंदर शांत होते. रस्ते आणि शीतपेट्या नव्हत्या, त्या काळी या दिवसांसाठी बेगमी करणे अपरिहार्य होते. जवळा, बोंबील उन्हात वाळवले जात. बांगडा, सुरमई मीठ लावून खारवली जात. खारातली कैरी, मिठातले गरे, लोणची, आगळ, आमसुले आणि पापड हीदेखील त्याच तरतुदीची अंगे. पापडातील पापडखारातही सोडियम असतेच.

आज बाजारात बाराही महिने भाजी मिळते. गरज ओसरली, चव मात्र राहिली. गरम पेजेबरोबर खारा बांगडा आणि लोणच्याची फोड घेतली की एकाच जेवणात दिवसभराचे मीठ पोटात जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहूनही थोडे कमी मीठ खावे. यात ताटातले, डाळीतले, पापडातले आणि वेफर्स-फरसाणातले असे सारेच मीठ आले. मीठ वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि ते बाहेर टाकण्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

पोटॅशियम याच्या उलट दिशेने काम करते. डाळी, पालेभाज्या, केळी आणि शहाळ्याचे पाणी यांतून ते मिळते. चीनमधील सहाशे खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. तथापि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी असे मीठ वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये.

वाहिन्यांचे अस्तर

रक्तवाहिनीच्या आतील नाजूक अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे वाहिनी सैल राहते. या शोधास १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तंबाखू, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि खुद्द उच्च रक्तदाब या अस्तरास इजा करतात. तेथे मेदाचे थर साचतात आणि वाहिनी ताठर होते. विडी-सिगारेटबद्दल आता बरीच जागृती आहे, पण दात घासण्याच्या निमित्ताने लावली जाणारी मिश्री तंबाखूचीच असते आणि तिच्यातील निकोटिन रक्तात उतरतेच, याची जाणीव अद्याप कमी आहे.

वाढते वय आणि आनुवंशिकता यांवर इलाज नाही. पोटाचा घेर, मद्य, बैठे काम, अपुरी झोप, घोरण्यासह झोपेत श्वास अडकणे आणि वारंवार घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांवर मात्र लक्ष ठेवता येते. ताजी मासळी हितकर आहे. ओल्या खोबऱ्यात संपृक्त मेद पुष्कळ असल्याने त्याचा वापर बेताने करावा.

शेजारच्या जिल्ह्याचा धडा

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून निवडलेल्या जिल्ह्यांत रत्नागिरीचा शेजारी सिंधुदुर्गही होता. सर्वांसाठी एकच सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची सूत्रे. या उपक्रमास २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कृतिदलाचा पुरस्कार मिळाला. साध्या गोळ्या नियमित मिळणे आणि त्या नियमित घेणे, हेच त्यामागचे मर्म आहे.

तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. त्याआधी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजणी करावी. आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे झपाझप चालावे. दाब उतरला म्हणून गोळ्या आपणहून बंद करू नयेत. तो बहुधा त्या गोळ्यांमुळेच उतरलेला असतो.