दगडाची कड आणि तिची हत्यारे

शेवगावाहून पैठणच्या वाटेला लागले म्हणजे घोटण येथे मल्लिकार्जुनाचे प्राचीन देवालय लागते. आपल्या पाथरवट ज्ञातीतील मुलांना वाडवडिलांची विद्या दाखवावयाची असेल, तर ज्ञातिबांधवांनी त्यांना प्रथम येथे न्यावे आणि मूर्तींआधी सांध्यांकडे पाहावयास सांगावे. हेमाडपंती बांधणीत दगडावर दगड बसतो तो चुन्यावाचून, केवळ कडेच्या खरेपणावर. नगरच्या दमडी मशिदीविषयी तर अशी आख्यायिका आहे की, सोळाव्या शतकात किल्ल्याचे काम करणाऱ्या मजुरांनी दमडी दमडी जमवून ती उभारली. आख्यायिका खरी असो वा नसो, तेथील कोरीव दगडाच्या कडा आजही पाहण्यासारख्या आहेत.

हे सारे काम टाकी, छिन्नी, हातोडा आणि गुण्या एवढ्यावर झाले. काळा पाषाण कठीण, त्यामुळे टाकीची धार वारंवार जाई व ती घेऊन लोहाराकडे जावे लागे. टाकी तापवून तिला पाणी देणे ही निम्मी विद्या होती. पाणी अधिक झाले की टोक उडे, कमी झाले की ते वळे. लोहार चांगला नसेल तर उत्तम पाथरवटही लंगडा पडे, हे आपण फार लवकर विसरलो.

पुढे आगगाडी आली. लोहमार्ग १८७१ साली रायचूरपर्यंत गेला, तेव्हा शहाबाद त्या वाटेवर आले; १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग नगरवरून निघाला. शेवगावास आगगाडी अद्याप नाही. तथापि शहाबादी फरशी येथील ओट्यांवर आणि पडव्यांत येऊन बसलीच. हा चुनखडीचा दगड काळ्या पाषाणाहून पुष्कळ मऊ व थराथरांचा. त्यास काळ्या दगडाची जड हत्यारे चालत नाहीत. आमच्याच हातून एकदा नव्या ओट्याच्या कडेचा पापुद्रा वीतभर निघाला, कारण घाव खालून वर घातला होता. बारीक छिन्नी, हलका हातोडा आणि वरच्या अंगाकडून आत जाणारा घाव, हाच तिचा नियम. मग घासावयाचे ते पाणी घालून, प्रथम भरड व नंतर बारीक दगडाने. कार्बोरंडमचा शोध १८९१ साली अमेरिकेत ॲचेसन यांनी लावला. त्यापासून केलेल्या घासदगडांवर आकडे असतात; आकडा जितका मोठा, तितका कण बारीक. साठापासून आरंभ करून मधला टप्पा गाळला, तर आधीचे ओरखडे पॉलिश झाल्यावरच दिसू लागतात, आणि तेव्हा पुन्हा प्रारंभापासून घासण्यावाचून गत्यंतर नसते.

ग्रॅनाइट आल्यावर मात्र हिऱ्याच्या कणांचे चक्र घ्यावेच लागले. कृत्रिम हिरा १९५४ साली प्रयोगशाळेत सिद्ध झाला, आणि हातात धरावयाच्या यंत्रांवर तो बसल्यापासून दिवसाचे काम घटकेत होऊ लागले. ओट्याच्या कडेस अर्धगोल मोल्डिंग करणारा आपला तरुण आज हेच यंत्र वापरतो. येथेच आमची चिंता आहे. ग्रॅनाइटमध्ये सुटी गारगोटी पुष्कळ असते. कोरडे चक्र फिरविले की तिची धूळ इतकी सूक्ष्म होते की ती डोळ्यांस दिसतही नाही, आणि छातीत जाऊन बसते ती निघत नाही. सिलिकोसिस म्हणतात तो हाच रोग. त्यावर बरे करणारे औषध नाही. गारगोटीच्या चुऱ्यापासून बनविलेल्या कृत्रिम ओट्याच्या दगडात तर ती नव्वद टक्क्यांहूनही अधिक असू शकते. ऑस्ट्रेलियाने तो १ जुलै २०२४ पासून बंदच केला.

तोंडास बांधलेला रुमाल या धुळीस अडवीत नाही. यंत्र निवडताना दुकानदार वेग सांगतो, भाव सांगतो. आपण प्रथम विचारावे की, चक्रावर पाणी सोडणारी नळी त्यास आहे काय. ते यंत्र महाग पडते व अंगण चिखलाचे होते, हे खरे. पूर्वी लोहार टाकीला पाणी देई. आता ते दगडाला द्यावयाचे आहे. मात्र पाणी आणि वीज एकत्र आली की, गळती होताच प्रवाह तोडणारा खटका जोडणीत असलाच पाहिजे. तो बसविल्यावाचून ओले यंत्र कोणीही चालू करू नये.