बेडपॅन उचलणाऱ्यांची युनियन

दोस्तांनो, ब्लॅक पँथर आपल्याला तोंडपाठ. 1972 साली आपण नाव घेतलं ते त्यांच्यावरूनच. पण त्याच काळ्यांच्या आया-बहिणी हॉस्पिटलात बेडपॅन उचलायच्या, त्यांच्या युनियनचं कुणी बोलत नाही. म्हणून मी लिहितोय.

न्यूयॉर्कात 1932 साली औषधांच्या दुकानांतल्या कामगारांनी युनियन काढली. पुढं ती लोकल 1199 झाली. पुढारी लिऑन डेव्हिस. बहुतेक ज्यू, डावी माणसं. तीसच्या दशकातच हार्लेमच्या दुकानांत काळे फार्मासिस्ट घ्या म्हणून ते संपावर गेले. (हार्लेम म्हणजे बाबासाहेब 1913 ते 16 शिकले त्या कोलंबियाच्या शेजारची वस्ती.) आणि आपल्याकडं? गिरणीच्या विणखात्यात महार चालत नव्हता, धाग्याला त्याचं तोंड लागतं म्हणून. 1928 च्या संपात बाबासाहेबांनाच ते खडसावून विचारावं लागलं.

हॉस्पिटलात युनियन करणं अवघड होतं. 1947 च्या कायद्यानं धर्मादाय हॉस्पिटलं वगळलेली. म्हणजे कामगारांशी बोलायला मालक बांधीलच नाही. धर्म रोग्यावर, उपास कामगारावर! तरी 1959 च्या मे महिन्यात सात हॉस्पिटलांतले काळे आणि पोर्तोरिकन कामगार 46 दिवस बाहेर बसले. कायद्यातली ही सूट केंद्रानं 1974 साली काढली.

मला मात्र चार्ल्स्टन जास्त जवळचं वाटतं. साऊथ कॅरोलिनातलं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. मेरी मोल्ट्री न्यूयॉर्कात प्रॅक्टिकल नर्स होती. गावी परतली तर इथं तिचं लायसन मानलं नाही, मदतनीस म्हणून लावलं. पगार तासाला 1 डॉलर 30 सेंट. केंद्राचं किमान वेतन 1 डॉलर 60. माझी आई वीस वर्षं आया होती. वॉर्डात सगळं करायची, पण सिस्टरांच्या माठातलं पाणी तिला कुणी तरी ओतून द्यायचं. मोल्ट्रीचं वाचताना तो माठच आठवतो.

1969 च्या मार्चमध्ये बारा जणांना काढलं. 20 मार्चला चारशेवर कामगार संपावर गेले, जवळपास सगळ्या काळ्या बाया. हॉस्पिटलचा प्रमुख म्हणाला, प्राथमिक शाळाही न शिकलेल्यांच्या हाती कोट्यवधी डॉलरचा कारभार देणार नाही. झाडून घ्यायला मात्र तीच शाळा पुरत होती! गव्हर्नरनं बंदुकवाले सैनिक आणले, कर्फ्यू लावला. शेकड्यांनी अटका. किंगला मारून वर्ष झालेलं. त्यांची बायको कोरेटा मोर्चात पुढं.

शेवटी केंद्रानं पैसा रोखायची धमकी दिली, तेव्हा प्रमुख वाकला. जूनच्या अखेरीस बाराही जण परत कामावर, पगार वाढला, तक्रार मांडायची सोय झाली. युनियनला मान्यता मात्र नाही. बाहेरचे पुढारी निघून गेले आणि स्थानिक शाखा काही वर्षांत वाळली. बाया त्याच वॉर्डात, त्याच साहेबांच्या हाताखाली राहिल्या. 1199 ला मी दोष देतो तो इथं.