पिंजऱ्यातली भूमिती

बागेत घसरगुंडीशेजारी लोखंडी नळ्यांची एक चौकट उभी असते. चौकोनावर चौकोन. नाव 'जंगल जिम', पण आमच्या गल्लीतली पोरं तिला 'पिंजरा'च म्हणत. हा पिंजरा व्यायामासाठी नव्हे, तर भूमिती शिकवण्यासाठी जन्मला, हे मला फार उशिरा कळलं.

चार्ल्स हॉवर्ड हिंटन हे इंग्रज गणितज्ञ चौथ्या मितीच्या विचाराने झपाटलेले होते. 'टेसरॅक्ट' हा शब्द त्यांचाच, १८८८ सालचा. त्यांचं म्हणणं असं, की आपण जन्मभर सपाट जमिनीवर चालतो, आपल्याला तिसरी मितीच धड कळत नाही, मग चौथी कुठून कळणार? जपानमध्ये शिकवायला असताना त्यांनी आपल्या मुलांसाठी बांबूंची चौकट बांधली. बाप तीन आकडे पुकारायचा, की पोरं त्या सांध्याकडे धावत सुटायची. मुलांच्या लक्षात राहिलं ते मात्र चढणं! (भूमितीत मीही कच्चाच. मोजता येतात त्या फक्त मात्रा.)

त्यांचा एक मुलगा सेबॅस्टियन शिकागोत पेटंटचा वकील झाला. १९२० साली त्याने शिकागोजवळच्या विनेट्का गावातल्या शिक्षकमंडळींना त्या बांबूंची आठवण सांगितली. त्यांनी कल्पना उचलून धरली आणि तिथल्या शाळेत नळ्यांची चौकट उभी राहिली. चढणं ही आपल्या माकड-पूर्वजांची सहज चाल आहे, मुलाला ती शिकवावी लागत नाही, अशी त्याची मांडणी. १९२३ मध्ये पेटंट मंजूर झालं, पण ते बघायला सेबॅस्टियन उरला नव्हता.

गंमत बघा, सेबॅस्टियनची आजी मेरी एव्हरेस्ट बूल ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. हिंदुस्थानची मोजणी करणारे, ज्यांचं नाव शिखराला दिलं, तेच एव्हरेस्ट.

वकिलाचं म्हणणं खोटं नव्हतं. चढताना मूल स्वतःचं वजन स्वतः उचलतं. बोटांची पकड, खांदे, पोट, पाठ, सगळं एकदम कामाला लागतं. पुढचा पाय कुठे टाकायचा, हात पोचेल की नाही, याचा हिशेबही त्यालाच करावा लागतो. आपल्याकडे हे काम वडाच्या पारंब्या फुकट करत. सूरपारंब्या खेळताना माझा हात मोडला होता. प्लॅस्टर निघाल्यावर मी पुन्हा वडावरच गेलो, हे आईला कुणी सांगितलं नाही. आता मूल जरा वर गेलं, की खालून चार आवाज येतात.

परवा माझी नात पिंजऱ्याच्या टोकावर गेली आणि तिला उतरता येईना. सून धावली. मी म्हटलं, "थांब जरा." पोरगी रडवेली झाली. मग एक पाय खाली सोडून, न बघताच, ती नळी शोधू लागली.