लंडनची युद्धोत्तर पुनर्रचनेपूर्वीची हवाई छायाचित्रे

लंडन शहराची इ.स. १९१९ पासून सुमारे १९५० पर्यंत विमानांतून घेतलेली छायाचित्रे ही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेत नाहीशा झालेल्या शहराची विस्तृत दृश्य नोंद आहे. तिचे दोन मुख्य भाग पडतात : व्यापारी संस्थांनी ग्राहकांसाठी घेतलेली तिरपी छायाचित्रे आणि ब्रिटिश वायुदलाने पाहणीसाठी जमिनीच्या लंबदिशेने घेतलेली छायाचित्रे. जुन्या लंडनचा कोणता भाग बॉम्बवर्षावाने नष्ट झाला आणि कोणता त्यानंतर शांततेच्या काळात पाडला गेला, हे तपासण्यासाठी ही दोन्ही प्रकारची छायाचित्रे उपयोगी पडतात.

प्रारंभ

ब्रिटनमधील उपलब्ध असलेले सर्वांत जुने हवाई छायाचित्र लंडनचेच आहे. सेसिल शॅडबोल्ट यांनी २९ मे १८८२ रोजी सुमारे दोन हजार फूट उंचीवरील बलूनमधून उत्तर लंडनमधील स्टॅमफर्ड हिल या भागाचे ते घेतले. शॅडबोल्ट यांचा १८९२ मध्ये बलूनच्याच अपघातात मृत्यू झाला. बलून वाऱ्याच्या इच्छेने जात असल्यामुळे ठरावीक जागेचे चित्र मिळणे हा बराचसा योगायोग असे. पहिल्या महायुद्धात शत्रूचे खंदक टिपण्यासाठी विमान व कॅमेरा यांची जोडी जमली आणि युद्ध संपताच तिचा नागरी उपयोग सुरू झाला.

एरोफिल्म्स

फ्रान्सिस विल्स आणि क्लॉड ग्रॅहॅम-व्हाइट यांनी मे १९१९ मध्ये ‘एरोफिल्म्स’ ही ब्रिटनमधील पहिली व्यापारी हवाई छायाचित्रण कंपनी स्थापन केली. विल्स युद्धात नौदलाच्या हवाई शाखेत निरीक्षक होते, तर ग्रॅहॅम-व्हाइट हे आद्य वैमानिकांपैकी एक असून हेंडनच्या विमानतळाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. हेंडन येथील एक कार्यालय आणि छायाचित्रे धुण्यासाठी वापरलेले एक स्नानगृह एवढ्या सामग्रीवर कंपनीचा व्यवहार सुरू झाला. लांब पल्ल्याच्या उड्डाणांमुळे पुढे विख्यात झालेले ॲलन कोबॅम यांनीही सुरुवातीच्या काळात कंपनीसाठी विमान चालवले.

शहराचा इतिहास जतन करण्याचा हेतू या कामामागे नव्हता, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले असे म्हणावे लागते. कारखानदारांना जाहिरातीसाठी व पत्राच्या कागदावर छापण्यासाठी आपल्या कारखान्याचे भव्य चित्र हवे असे; पोस्टकार्डे छापणाऱ्यांना राजवाडे व पूल हवे असत; वृत्तपत्रांना सामने व मिरवणुका हव्या असत. २८ एप्रिल १९२३ रोजी वेम्बली येथील नव्या क्रीडागारात एफ.ए. चषकाच्या अंतिम सामन्याला लोटलेली गर्दी आणि १९२४-२५ मधील ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शन, ज्यात भारताचेही दालन होते, हे असेच विषय. परंतु कारखान्याचे चित्र घेताना त्याच्या मागची गल्ली, कामगारांची एकाला एक लागून असलेली घरे, परसात वाळत घातलेले कपडे, गॅसच्या टाक्या आणि कोळशाचे ढीग हेही काचेवर उमटत. त्यांचे चित्र काढण्यासाठी पैसे देणारा कोणीही ग्राहक नव्हता. आज अभ्यासक पाहतात ते प्रामुख्याने हेच.

युद्धकाळ आणि वायुदलाची पाहणी

७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर मोठा हवाई हल्ला झाला आणि मे १९४१ पर्यंत हल्ल्यांचे सत्र चालू राहिले. त्या पहिल्या दिवसाचे एक प्रसिद्ध छायाचित्र जर्मन विमानातून घेतलेले आहे. टेम्स नदीचे मोठे वळण व त्याभोवतीच्या गोद्या यांच्यावर एक हाइन्केल बॉम्बफेकी विमान त्यात दिसते. गोद्यांनी वेढलेल्या पूर्व लंडनचे युद्धापूर्वीचे रूप त्यात आले आहे. त्याच दुपारी व रात्री तेथे आगी लागल्या.

एरोफिल्म्सचे कौशल्य या काळात सैन्याच्या कामी आले. वेम्बली येथील एका भगिनी कंपनीसह तिचे तज्ज्ञ छायाचित्रांच्या अर्थनिर्णयनाच्या लष्करी कामात सामावले गेले. १९४१ मध्ये हे काम मेडमेनहॅम येथे हलवण्यात आले.

१९४४ च्या सुमारास वायुदलाने ब्रिटनची पद्धतशीर हवाई पाहणी हाती घेतली. विमान समांतर पट्ट्यांत उडे आणि प्रत्येक छायाचित्र पुढच्या छायाचित्रावर बरेचसे चढलेले असे. अशी लगतची दोन चित्रे स्टिरिओस्कोपखाली ठेवल्यास इमारतींची उंची डोळ्यांना जाणवते. पुनर्रचनेचे नकाशे तयार करणे हा या पाहणीचा एक प्रमुख उपयोग होता. लंडनच्या चित्रांत छपरे उडालेली घरे, ढिगारे उचलून मोकळ्या केलेल्या जागा आणि बेघरांसाठी घाईने उभारलेल्या तयार घरांच्या रांगा स्पष्ट दिसतात.

छायाचित्रांतील शहर

सेंट पॉल कॅथीड्रलच्या उत्तरेस पॅटर्नॉस्टर रो ही पुस्तक-व्यापाऱ्यांची अरुंद गल्ली होती. युद्धापूर्वीच्या चित्रांत कॅथीड्रलच्या घुमटाला छपरे अगदी खेटून उभी दिसतात. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री ही पेठ जळाली आणि तिच्यासोबत लाखो पुस्तके भस्मसात झाली. तिच्या जागी १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या इमारतीही पुढे पाडण्यात आल्या. म्हणजे एकाच जागेवर एका शतकात तीन वेगवेगळी शहरे नांदली. जवळच्या क्रिपलगेट विभागात इतका विध्वंस झाला की १९५१ च्या जनगणनेत तेथे अवघे ४८ रहिवासी उरले होते. आज तेथे बार्बिकन ही वसाहत आहे.

नदीच्या दक्षिण काठावरील चित्रांत लायन ब्रुअरी ही मद्यनिर्मितीची जुनी इमारत आणि बंदुकीचे छरे ओतण्याचा उंच मनोरा ही ओळखीची खूण आहे. ब्रुअरी १९४९ मध्ये पाडून तिच्या जागी रॉयल फेस्टिव्हल हॉल बांधला गेला. मनोरा १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’पुरता राखला, पण १९६० च्या दशकात तोही गेला. ब्रुअरीवरचा दगडी सिंह मात्र वाचला आणि तो आता वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी आहे.

शहराच्या पश्चिमेकडील बदल याहूनही मोठा आहे. १९३० च्या दशकातील चित्रांत हीथ्रो हे भाजीमळे, फळबागा व शेतघरे असलेले खेडे आहे. त्याच्या शेजारी फेअरी कंपनीचे गवताळ विमानतळ तेवढे दिसते. १९४४ मध्ये लष्करी विमानतळासाठी म्हणून ही जमीन ताब्यात घेण्यात आली, गाव पाडले गेले आणि १९४६ मध्ये तेथून नागरी वाहतूक सुरू झाली. जगातील अतिशय गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाच्या धावपट्ट्यांखाली कोणते रस्ते व कुंपणे होती, हे त्या चित्रांवरून रेखाटता येते.

बॉम्ब आणि आराखडे

‘जुने लंडन बॉम्बने गेले’ हे विधान सर्रास केले जाते. ते अर्धेच खरे आहे. हीथ्रोचे गाव व लायन ब्रुअरी सरकारी निर्णयांनी गेली. यूस्टन स्थानकापुढील भव्य कमान युद्धातून सुखरूप बाहेर पडली आणि १९६१-६२ मध्ये पाडली गेली. ब्रेंटफर्ड येथील फायरस्टोनचा १९२८ मधील कारखाना १९८० पर्यंत उभा होता. गोद्यांनी बॉम्ब सोसले, त्या पुन्हा चालू झाल्या आणि कंटेनर वाहतुकीमुळे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८१ पर्यंत एकामागून एक बंद पडल्या.

राहत्या वस्त्यांच्या बाबतीत हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. फोरशॉ आणि ॲबरक्रॉम्बी यांच्या १९४३ च्या ‘काउंटी ऑफ लंडन’ आराखड्याने एकरी १००, १३६ व २०० माणसे अशा वस्तीघनतेच्या श्रेणी आखल्या. १९४४ च्या नगररचना कायद्याने स्थानिक संस्थांना बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागांबरोबरच ‘सदोष रचनेच्या’ जुन्या वस्त्याही संपादन करण्याचा अधिकार दिला. कायद्यानेच दोन्ही प्रकार एकत्र बांधल्यामुळे पुढे लोकांच्या स्मरणातही ते मिसळून गेले. लंडन काउंटी कौन्सिलने इमारतनिहाय हानीचे नकाशे रंगवून ठेवले आहेत : काळा रंग संपूर्ण विनाशाचा, जांभळा दुरुस्तीपलीकडच्या हानीचा आणि पिवळा किरकोळ हानीचा. असा नकाशा, १९३० च्या दशकातील तिरपे छायाचित्र आणि वायुदलाचे युद्धोत्तर छायाचित्र शेजारी ठेवले म्हणजे पिवळ्या रंगातली किंवा मुळीच न रंगवलेली, छपरे शाबूत असलेली गल्ली पुढे कशाने गेली, हा प्रश्न घरागणिक विचारता येतो.

मर्यादा

आकाशातून छपरे दिसतात, खोल्या दिसत नाहीत. स्टेपनी किंवा पॉप्लरमधील घरांची रांग वरून नीटनेटकी भासते; पण एका खोलीत किती माणसे राहत, किती कुटुंबांना मिळून एक शौचालय होते, हे चित्र सांगत नाही. गतशहराच्या ओढीने ही चित्रे पाहणाऱ्याने हे विसरू नये. पाडापाडीचा आग्रह धरणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या खोल्या आतून पाहिल्या होत्या. शिवाय व्यापारी चित्रे निवडक आहेत. ग्राहकाची इमारत मध्यभागी येते आणि ज्या भागात ग्राहक नव्हते त्यांची चित्रे विरळ आहेत. अनेक निगेटिव्हवर कंपनीच्या कारागिरांनी कातरण्याच्या व दुरुस्तीच्या खुणा केलेल्या आढळतात; म्हणून छापील प्रतीपेक्षा मूळ निगेटिव्ह अधिक विश्वसनीय होय. कोळशाच्या धुरानेही चित्रे धूसर केली आहेत. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यापूर्वी लंडनवर निरभ्र दृश्य मिळणे कठीण असे.

संग्रह व उपलब्धता

एरोफिल्म्सचा दहा लाखांहून अधिक निगेटिव्हचा आणि दोन हजारांहून अधिक अल्बमचा संग्रह २००७ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील वारसा संस्थांनी मिळून विकत घेतला. त्यातील १९१९ ते १९५३ या काळातील सुमारे ९५,००० चित्रे ‘ब्रिटन फ्रॉम अबव्ह’ या प्रकल्पाद्वारे महाजालावर खुली करण्यात आली. यांतील काही चित्रांचे स्थळ नोंदींत नव्हते. स्वयंसेवक वाचकांनी चर्चची शिखरे, कालव्यांची वळणे आणि दुकानांवरच्या पाट्या ताडून त्यांपैकी अनेक जागा ओळखल्या. लंडनची १९४५ ची हवाई चित्रे ‘गूगल अर्थ’च्या ऐतिहासिक चित्रांतही पाहता येतात आणि सध्याच्या रस्त्यांवर ती थेट ठेवून पडताळता येतात.