९०७ सामने खेळला, पण प्लेऑफ एकही नाही: कोण आहे रॉन हेन्सी?

११ जून २०१७. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात पिट्सबर्ग पेंग्विन्सनं आइस हॉकीतली सर्वात मानाची ट्रॉफी, म्हणजे स्टॅन्ली कप जिंकला. कर्णधार सिडनी क्रॉसबीनं कप उंचावला आणि सगळ्यात आधी संघातल्या एका ३६ वर्षांच्या डिफेन्डरच्या हातात दिला. तो स्टार नव्हता आणि संघात येऊन त्याला चार महिनेही झाले नव्हते. त्याचं नाव रॉन हेन्सी.

हा मान त्यालाच का मिळाला, हे समजायला त्याची कारकीर्द पाहावी लागते.

'जर्नीमन' म्हणजे काय?

उत्तर अमेरिकेतल्या खेळांमध्ये गावोगावचे संघ बदलत कारकीर्द करणाऱ्या खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. तो कामाचा असतो, पण संघ त्याच्याभोवती उभा केला जात नाही. कधी त्याचा करार संपतो, तर कधी त्याची दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल होते. मग पुन्हा नवं शहर आणि नवी जर्सी.

त्यातही डिफेन्डर असेल तर नाव होणं आणखी कठीण. आइस हॉकीत बर्फावर एका वेळी एका संघाचे सहा खेळाडू असतात. त्यात साधारणपणे तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्डर आणि एक गोलकीपर. डिफेन्डरनं समोरच्याला गोलजवळ येऊ द्यायचं नाही, वेगानं येणारा पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) अंगावर घ्यायचा आणि तो सुरक्षितपणे पुढे द्यायचा. काम चोख झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. चूक झाली की सगळ्यांना दिसते.

सुरुवात मोठी, पण धरसोडीची

हेन्सीचा जन्म १९८१ चा, गाव कनेक्टिकट राज्यातलं बोल्टन. २००० साली नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) ड्राफ्टमध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनं त्याला १३ व्या क्रमांकावर निवडलं. एवढ्या वर निवडलेल्या खेळाडूकडून मोठ्या अपेक्षा असतात. पण मॉन्ट्रियलमध्ये त्याची जागा पक्की झाली नाही. त्याचा बराच काळ खालच्या लीगमध्ये हॅमिल्टनच्या संघाकडून खेळण्यात गेला.

२००५ मध्ये मॉन्ट्रियलनं त्याला 'वेव्हर्स'वर टाकलं. वेव्हर्सवरच्या खेळाडूला दुसरा कुठलाही संघ, बदल्यात खेळाडू न देता, उचलू शकतो. कोलंबस ब्लू जॅकेट्सनं हेन्सीला उचललं आणि तिथे तो खऱ्या अर्थानं एनएचएलचा नियमित खेळाडू झाला. २००८ मध्ये अटलांटा थ्रॅशर्सनं त्याच्याशी ५ वर्षांचा, २ कोटी २५ लाख डॉलरचा करार केला. २०११ मध्ये अख्खा संघच कॅनडातल्या विनिपेगला हलला आणि हेन्सीही तिकडे गेला.

नशिबाचा अजब खेळ

एनएचएलमध्ये तेव्हा प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळायचा. त्यानंतर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. तेव्हाच्या ३० संघांपैकी १६ संघ प्लेऑफमध्ये जायचे, म्हणजे निम्म्याहून जास्त. तरीही हेन्सीची पाळी येईना.

त्याला सोडल्यावर त्याच हंगामात मॉन्ट्रियल प्लेऑफमध्ये गेलं. त्यानं कोलंबस सोडलं आणि पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, कोलंबसनं पहिल्यांदा प्लेऑफ गाठलं. तो २०१३ मध्ये विनिपेगहून निघाला, तर २०१५ मध्ये विनिपेगही पोहोचलं.

२०१३ चा उन्हाळा वेगळ्याच कारणानं अवघड गेला. २०१२-१३ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादात लीग काही महिने बंद होती. खेळाडूंच्या बाजूनं वाटाघाटी करणाऱ्यांमध्ये हेन्सी होता. त्यानंतर त्याचा करार संपला आणि सप्टेंबरपर्यंत त्याच्याकडे संघच नव्हता. शेवटी कॅरोलिना हरिकेन्सनं त्याला एका वर्षासाठी २० लाख डॉलरवर घेतलं. आधीच्या कराराची वर्षाची सरासरी ४५ लाख होती. कॅरोलिनात तो जवळपास चार हंगाम टिकला, पण प्लेऑफ तिथेही नाहीच.

आणि मग पिट्सबर्ग

फेब्रुवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गनं त्याला घेतलं, तेव्हा तो खरं तर जादाचा आधार होता. पण एप्रिलमध्ये संघाचा मुख्य डिफेन्डर क्रिस लेटांग मानेच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर गेला आणि हेन्सीची जबाबदारी एकदम वाढली.

१२ एप्रिलला तो पहिला प्लेऑफ सामना खेळला. त्याआधी त्याचे नियमित हंगामातले ९०७ सामने झाले होते. पहिल्या प्लेऑफसाठी एनएचएलमध्ये एवढी वाट कुणीच पाहिली नव्हती. समोर संघ होता कोलंबस, ज्यानं कधीकाळी त्याला उचललं होतं.

पुढचे दोन महिने तो सामन्यामागे साधारण २० मिनिटं खेळत राहिला. नॅशव्हिलविरुद्धच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना पिट्सबर्गनं ६-० असा जिंकला, त्यातला एक गोल हेन्सीचा होता. सहाव्या सामन्यानंतर कप त्याच्या हातात होता.

त्यानंतर काय झालं?

कप जिंकल्यावरही त्याचा प्रवास थांबला नाही. तीन आठवड्यांच्या आत त्यानं टोरंटो मेपल लीफ्सशी करार केला. तिथे दोन हंगाम खेळताना त्यानं १,००० सामन्यांचा टप्पा ओलांडला. २०१९-२० मध्ये तो ऑटावा सेनेटर्सकडून खेळला आणि तो त्याचा शेवटचा हंगाम ठरला. एकूण सामने १,१३२, संघ आठ.

पुढे खेळाडूंच्या त्याच संघटनेत तो सहायक कार्यकारी संचालक झाला. करार संपलेला, संघ नसलेला खेळाडू कोणत्या अवस्थेतून जातो, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.