सार्वजनिक काकांची वकिली

पुण्याहून अहिल्यानगरास जाणारा रस्ता शिरूरजवळ घोड नदी ओलांडतो आणि पुढें पारनेर तालुक्यांतील सुपा या गांवावरून जातो. आज तेथें मोठी औद्योगिक वसाहत आहे. कारखानदारांच्या करारांत, तंटा उपस्थित झाल्यास तो लवादाकडे सोंपवावा, असें कलम बहुधा घातलेलें असतें. शिवाय २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यांत २०१८ सालीं दुरुस्ती झाली. तीप्रमाणें, तातडीची दाद नको असेल तर दाव्यापूर्वीं मध्यस्थीचा मार्ग चोखाळावाच लागतो. ही व्यवस्था नव्या युगाची मानली जाते. परंतु पुण्याच्या एका वकिलांनीं १८७६ सालींच तिच्यासारखी योजना उभारली होती. त्यांचें नांव गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांस सार्वजनिक काका म्हणत.

जोशी यांचा जन्म १८२८ सालीं सातारा येथें झाला. आरंभीं त्यांनीं नोकरी केली. ती सुटल्यावर १८६५ सालीं ते वकिलीच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले व पुढें पुण्यास त्यांनीं धंदा मांडला. तो काळ वकिलांस भरभराटीचा होता, आणि त्याचें कारण एका कायद्यांत सांपडतें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यावर दावा आणण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु असा कीं, व्याज सांचत जाऊन कूळ बुडूं नये. घडलें उलटें. मुदत भरत आली कीं सावकार मुद्दल व व्याज एकत्र करून नवें खत लिहवून घेई, आणि त्या एकूण रकमेवर पुन्हा व्याज चालूं होई. कूळ खत बदलून देईना, तर दावा ठरलेलाच. समन्स निघे, कूळ अक्षरशत्रु, कोर्ट दूर, आणि अंगठा तर खऱ्या खतावरच उठविलेला. मग कूळ घरींच बसे, एकतर्फी हुकूमनामा होई, दरखास्त लागे, जप्ती येई. स्टांपाचा व वकिलाचा खर्चही हरणाऱ्याच्याच माथीं. या व्यवहारांत वकील बहुधा सावकाराच्या बाजूसच उभा असे, कारण फी देण्यास पैसा त्याच्याजवळच होता.

जोशी यांनीं वकिलीच्या हत्यारांचा निराळाच उपयोग केला. पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराविषयीं तक्रारी उठल्या होत्या. त्यांतून २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभेचा सभासद होण्यास निदान ५० प्रौढ माणसांनीं सही केलेलें मुखत्यारपत्र आणावें लागे. अशा ९५ सभासदांनीं सुमारें ६,००० लोकांचें मुखत्यारपण घेतलें. अशिलानें वकिलास लिहून द्यावयाचा कागद जनतेनें सभेस लिहून दिला, ही युक्ति वकिलावांचून दुसऱ्या कोणास सुचती असें वाटत नाहीं.

इकडे खेड्यांत कोर्टाच्या कागदांनीं पेट घेतला. डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील करडें येथें एका सावकारानें हुकूमनाम्यावरून एका देशमुखाचें घर अवघ्या १५० रुपयांस लिलावांत घेतलें व पाडूं लागला. गांवानें सावकारांशीं व्यवहार तोडला. हें लोण नदीपलीकडे पारनेरांतही पोंचलें. तेथें सावकाराकडे कोणी कामास जाईना, पाणी भरीना, न्हावी हजामत करीना. पोलिसांच्या जागरूकतेमुळें मात्र पारनेरास दंगा टळला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दुकानें लुटलीं गेलीं. हें सुपें पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्याचें होय, पारनेरचें सुपा नव्हे. इंग्रजी कागदपत्रांत दोहोंचें नांव एकच उमटल्यामुळें वाचकांचा घोटाळा होतो. पुणें व अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसें पकडलीं गेलीं. दंगेखोरांचा रोंख मुख्यतः खतें व हुकूमनामे यांवर होता. सावकारानें ते मुकाट्यानें हवालीं केले, तर पुष्कळदां त्याच्या केसासही धक्का लागला नाहीं.

पुढच्याच वर्षीं, १८७६ सालीं, जोशी यांच्या खटपटीनें पुण्यांत लवाद कोर्ट उघडलें. उभयपक्षांनीं राजीखुषीनें पंच मान्य करावे आणि निकाल पाळावा, अशी ती योजना. १८५९ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यांत खासगी लवादाचा निवाडा कोर्टांत दाखल करून घेण्याची सोय होतीच. ज्यांची पोळी कज्ज्यांवर पिकत होती, त्यांनींच कज्जे कोर्टाबाहेर नेण्याचा उद्योग आरंभावा, हें विलक्षण होय. मात्र योजनेंत एक उणीव होती, ती झांकण्यांत अर्थ नाहीं. लवादास दोघांची संमति लागते. ज्याच्या पेटींत सहीचें खत आहे, त्यानें पंचांपुढें येऊन जमाखर्चाचा पूर्वेतिहास कां उकलावा? दोन बरोबरीच्या व्यापाऱ्यांस लवाद सोयीचा. पारनेरच्या कुळास तो दुरूनच पाहावयाचा.

१८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यास राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हां त्यांचें वकीलपत्र घेण्यास जोशी पुढें आले. सरकारची खप्पा मर्जी ओढवून घेण्यास तेवढें पुरेसें होतें. पुढील वर्षीं, जुलै १८८० मध्यें, त्यांचा अंत झाला.

त्याच १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. जें लवादास साधलें नाहीं, तें त्यानें सक्तीनें केलें. दाव्यापूर्वीं समेट करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावें, न्यायाधीशानें खतामागील सारा व्यवहार मुळापासून तपासावा, शेतकऱ्यास पैशाच्या हुकूमनाम्याबद्दल कैद करूं नये, अशीं त्यांत कलमें होतीं. अडुसष्टाव्या कलमानें तर समेटाच्या ठिकाणीं, गांव-मुनसफापुढें आणि शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलास उभें राहण्यासच मनाई केली. मात्र योग्य कारण दाखविल्यास पक्षकारास आपला नातलग किंवा नोकर पाठविण्याची मुभा ठेविली होती. सावकाराजवळ गुमास्ता होता, आणि खतांच्या खाचाखोचा तो कोणत्याही वकिलाइतक्याच जाणत होता. कुळानें पाठवावा, तर घरांत नांगर धरणारा भाऊच.