बनगाव, १९७१ : छावणीतील एका निर्णयाचा इतिहास

निर्वासितांच्या सेवेचा इतिहास लिहिताना धान्य, कांबळी व तंबू यांची मोजदाद बहुधा होते. त्या तंबूंत कोणता उपचार कोणत्या आधारावर दिला गेला, याची क्वचितच होते. प्रस्तुत लेखात आम्ही एका छावणीपुरता तो शोध घेऊ इच्छितो.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली आणि त्यांच्या छावण्यांत पटकीची साथ उसळली. कलकत्त्यातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात काम करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनवीस २४ जून रोजी सीमेवरील बनगाव येथे पोहोचले. रुग्णालयाच्या दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवर पडलेले होते. शिरेत सुई घालायची तर वांती व मळ यांतच गुडघे टेकावे लागत. पथकात सलाइन लावू शकणारे केवळ दोघे, आणि सलाइनचा साठा संपत आलेला. दोन दिवसांत त्यांना कळून चुकले की या रीतीने ही लढाई हरणार.

त्यांच्या हाती दुसरे काय होते? ग्लुकोजच्या सोबतीने आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे प्रयोगशाळांतून सिद्ध झालेले होते. डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच पटकीच्या सौम्य रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून गुण आल्याचे प्रसिद्ध केले होते. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. मनिलात पुढे असाच एक प्रयोग झाला, त्यात द्रावणाचे प्रमाण चुकले आणि काही रुग्ण दगावले. वैद्यक कचरले, त्यात नवल नाही. अखेर १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश यांनी २९ रुग्णांवर काटेकोर प्रयोग करून दाखविले की, प्रारंभीचा धोका टळल्यावर रुग्णाने तोंडाने द्रावण घेतल्यास शिरेतील सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते.

पुरावा होता, पण तो रुग्णालयातला होता. तेथे पाजलेला प्रत्येक पेला कुशल माणसे मोजत होती. चिखलातल्या छावणीत, आईच्या हातून पाजलेले पाणी तसेच गुणकारी ठरेल काय, याला कोणाचाही दाखला नव्हता. महालनवीसांचा निर्णय येथे आहे, आणि आमच्या मते त्याचे मोल त्यांच्या धाडसाहून त्यांच्या नोंदींत अधिक आहे.

एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा एवढेच मिश्रण त्यांनी ठरविले. कलकत्त्यातील केंद्रात ते पॉलिथिनच्या पिशव्यांत भरून तापत्या इस्त्रीने पिशव्यांची तोंडे बंद करण्यात येत. लिटरमागे खर्च सुमारे ११ पैसे. नातेवाइकांना हे दुय्यम दर्जाचे औषध वाटू लागले, तेव्हा हेही सलाइनच आहे, फक्त तोंडाने घ्यायचे, असे समजावावे लागले. अत्यवस्थ रुग्णांसाठी शिल्लक सलाइन राखून ठेवले जाई. बाकीच्यांना आप्तच पाजत. सुमारे आठ आठवड्यांत ३,७०० च्या आसपास रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. इतरत्र छावण्यांतून ते २० ते ३० टक्क्यांपर्यंत होते.

येथे आम्हा धर्मसेवकांना थोडे थांबावेसे वाटते. दफनाची नोंदवही आपण काटेकोरपणे ठेवतो. ती किती गेले ते सांगते. किती आजारी पडले व किती वाचले ते सांगत नाही. पूर-दुष्काळात आपण उभारलेल्या केंद्रांतून कांबळ्यांचा हिशेब चोख मिळतो, पण आलेल्या रुग्णांचा कागद विचारला तर सगळे एकमेकांकडे पाहतात. बनगावला तो कागद नसता, तर ही एक दयाळू डॉक्टरांची आठवण तेवढी उरली असती.

तरीही तज्ज्ञांना पटायला वेळ लागला. बनगावातही काटेकोर तुलनागट नव्हता, हा त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. १९७३ साली ही आकडेवारी प्रसिद्ध झाली. छावणी स्वतः पाहिलेले जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी या उपचाराचा पाठपुरावा केला, आणि १९७८ साली संघटनेने अतिसार-नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. आपण जिला जलसंजीवनी म्हणतो ती अशी घरोघर गेली. महालनवीस २०२२ साली निवर्तले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ मध्ये मिळाले.

मात्र पुरावा एकदा मान्य झाला की तो सर्वत्र आपोआप पोहोचतो, असे नाही. जुलै १९९४ मध्ये रुआंडातील लक्षावधी निर्वासित झाईरच्या गोमा शहराभोवती लोटले, आणि पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसे मरण पावली. त्यांतील बहुतेकांचा बळी पटकी व इतर अतिसारांनी घेतला. पाण्याची तीव्र टंचाई होतीच. पण ढाक्याहून गेलेल्या संशोधकांच्या पथकाला उपचारकेंद्रांतही दोष आढळले. शरीरातील पाणी फार सावकाश भरून काढले जात होते, तोंडाने द्यायच्या द्रावणाचा वापर अपुरा होता, शिरेतून दिले जाणारे द्रव कित्येकदा अयोग्य असत, आणि तीव्र पटकी हाताळण्याचा सेवकांना अनुभव नव्हता. बनगावला तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. हे दोष दाखवून देणारी माणसे त्याच देशाची होती, ज्याचे लोक १९७१ साली बनगावच्या त्या दोन खोल्यांत जमिनीवर पडलेले होते.